रंगाखालचा पत्रा : वाडीतल्या एका गॅरेजमध्ये १९९९ ची मारुती ८००

नागपूरला लागून असलेल्या वाडी या गावातल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी माझी मारुती ८०० पहिल्यांदा पाहिली, तेव्हा त्यांनी रंगाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. खिशातून जाड रुमालात गुंडाळलेले एक लोहचुंबक काढून ते डाव्या दरवाजांच्या खालच्या पट्टीवरून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ज्याला रनिंग बोर्ड म्हणतात त्या भागावरून, पुढून मागे हळूहळू सरकवत गेले. पुढच्या चाकाजवळ चुंबक चिकटले, मधल्या दोन वितींच्या अंतरात ते सरळ घसरून त्यांच्या तळहातावर पडले आणि मागच्या चाकाशी पुन्हा चिकटले. "इथं पत्रा उरलाच नाही, भाऊ," ते म्हणाले, "लांबीच्या भरवशावर उभी आहे गाडी." लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायला भरतात ती पुट्टी. त्यांच्या त्या वाक्यापासून सुरू झालेले काम संपायला दोन महिने लागले. त्यात दोन्ही पुढचे फेंडर, म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्रे, दोन्ही रनिंग बोर्ड आणि चालकाशेजारचा पुढचा दरवाजा बदलला गेला. कामाला सहा महिने झाले आणि गाडीने एक पूर्ण पावसाळा काढला, म्हणून आता हा अभिप्राय लिहीत आहे. गॅरेजमधून गाडी आणली त्या दिवशी लिहिला असता, तर तो फक्त रंगाच्या चकाकीचा अभिप्राय झाला असता.

ही गाडी वडिलांनी १९९९ मध्ये घेतली. एमएच-३१ पासिंगची, पांढरी, ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाची आणि कार्बोरेटरची. वडील गेल्यानंतरही ती आमच्या घरासमोर, अंबाझरी लेआउटमध्ये, रोजच्या वापरात राहिली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी आमच्या आणि शेजारच्या वस्त्यांमध्ये शिरले आणि दारासमोरच्या गाडीत ते आसनांपर्यंत चढले. विमा फक्त त्रयस्थ पक्षाचा होता, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. इंजिनाची सगळी तेले बदलली, कार्बोरेटर उघडून धुतला, गालिचे उन्हात वाळवले आणि गाडी पंधरा दिवसांत चालू लागली. आमची चूक अशी की आम्ही गाडी चालू झाली म्हणजे ती वाचली असे समजलो.

रनिंग बोर्ड ही वरवर पाहता एक पट्टी दिसते, पण ती प्रत्यक्षात पत्र्याची बंद पेटी असते. बाहेरचा एक पत्रा, आतला एक पत्रा आणि मध्ये पोकळी. या पोकळीत शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून तळाशी लहान छिद्रे ठेवलेली असतात. पुराच्या पाण्याबरोबर आलेल्या गाळाने आमच्या गाडीची ही छिद्रे बुजली आणि आत साचलेला ओला चिखल महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहिला. नागपूरची हवा कोरडी, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीच्या गाड्यांसारखा खारा गंज आपल्याकडे लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक नागपूरकर गाडीखाली वाकून पाहत नाहीत. मात्र बंद पेटीतल्या ओल्या चिखलाला बाहेरच्या कोरड्या हवेचे काही सोयरसुतक नसते. गंज आतून बाहेर येतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा त्याच्या मागचा पत्रा बहुधा संपलेला असतो.

असे फोड आमच्या गाडीला २०२४ च्या सुरुवातीला दिसले. त्याच वर्षी पासिंगचे नूतनीकरण होते. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीसाठी १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते आणि गाडी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे घाईघाईने मी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये ती दिली. तिथे फोड घासून काढले, छिद्रांत जाळी बसवून वर लांबी भरली आणि रंग मारून तीन दिवसांत गाडी परत केली. दिसायला काम स्वच्छ होते. त्याच वर्षीच्या गणपतीपर्यंत लांबीच्या कडेने तपकिरी रेषा उमटली आणि दिवाळीत बोटाने दाबल्यावर एक तुकडा आत गेला. पॉलिएस्टरची लांबी ओल शोषते आणि तिच्यामागे जिवंत पत्रा नसेल तर ती नुसता ओलावा धरून ठेवते, हे मला वाडीत कळले; सहा हजार रुपये मोजण्याआधी कळायला हवे होते.

वाडीच्या या गॅरेजवर पाटी नाही. अमरावती रोडवरून आत वळल्यावर ट्रकांच्या गॅरेजांच्या मागे, एका कडुलिंबाच्या सावलीत, टिनाच्या छपराखाली तीन गाड्या मावतील एवढी जागा. मिस्त्री, त्यांचा मुलगा, एक रंगारी आणि एक शिकाऊ मुलगा एवढीच माणसे. नाव आणि फोन नंबर छापू नये, असे मिस्त्रींनीच सांगितले आहे, कारण हातातल्या गाड्याच त्यांना पुरे आहेत. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या नागपूरकरांना विचारत गेले तर जागा सापडते.

पहिल्या भेटीत त्यांनी अंदाज दिला नाही. आधी लांबी काढून उघडा पत्रा पाहू, मग बोलू, असे म्हणाले. मला हे तेव्हा टाळाटाळ वाटले होते. आता वाटते की जुन्या गाडीच्या बाबतीत प्रामाणिक अंदाज याच मार्गाने निघू शकतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले, तारेच्या ब्रशने साफ केलेला भाग दाखवला, खडूने तीन रंगांत खुणा केल्या : पांढऱ्या खुणा जिथे पत्रा शाबूत आहे तिथे, पिवळ्या जिथे ठिगळ चालेल तिथे आणि लाल जिथे कापण्याशिवाय इलाज नाही तिथे. मग वहीच्या कागदावर कामाची यादी आणि प्रत्येकाची मजुरी लिहून दिली. बोनेट बदलायला मी सांगत होतो, कारण त्यावर दगडांचे टवके होते. त्यांनी नकार दिला. मूळ पत्रा निरोगी आहे, तो काढून नवा बसवला तर त्याहून हलका मिळेल, हे त्यांचे कारण होते. पाच-सहा हजारांचे काम त्यांनी स्वतःहून नाकारले, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पत्रे आणायला आम्ही दोघे घाट रोडवर गेलो. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले असले तरी तीस वर्षे देशभर विकल्या गेलेल्या गाडीचे फेंडर अजून सहज मिळतात. मिळत नाही तो सारखा दर्जा. दुकानदाराने तीन प्रकारचे फेंडर पुढे ठेवले. तिन्ही काळे, तिन्ही वरून सारखेच. मिस्त्रींनी चिंधीवर थिनर घेऊन प्रत्येकाच्या आतल्या बाजूला घासले. दोन फेंडरांचा काळा थर चिंधीवर उतरला आणि खाली उघडा पत्रा दिसला. तिसऱ्याचा थर जागचा हलला नाही. कारखान्यात विजेच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर थिनरने निघत नाही, तर वाहतुकीत गंजू नये म्हणून मारलेला नुसता काळा रंग लगेच निघतो, आणि त्याच्यावरच प्रायमर मारला तर काही महिन्यांनी सगळा थर सोलून येतो. स्वस्त फेंडर घ्यायचाच असेल तर आधी तो पूर्ण उघडा करून घ्यावा लागतो, म्हणजे वाचलेले पैसे मजुरीत जातात. आम्ही तिसऱ्या प्रकारचे दोन घेतले. रनिंग बोर्डांचे फक्त बाहेरचे पत्रे मिळाले, त्यांना कारखान्याचा थर नव्हता. ते त्यांनी वाडीला नेऊन आतून-बाहेरून घासले. दरवाजा मात्र त्यांनी नवा घेऊ दिला नाही. भंगारात निघालेल्या एका मारुती ८०० चा मूळ दरवाजा, खालची कड बोटाने चाचपून, पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत हे पाहून, पावतीसह घेतला. जुना मूळ पत्रा नव्या नकलेपेक्षा बिजागरीवर नीट बसतो, हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

फेंडर काढण्याचे काम मी समोर बसून पाहिले. फेंडर वेल्ड केलेला नसतो, बोल्टांनी बसवलेला असतो. त्यामुळे हे काम कोणालाही सोपे वाटते. प्रत्यक्षात सगळा वेळ पंचवीस वर्षांच्या गंजलेल्या बोल्टांत जातो. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर भेदक तेल सोडून ठेवले होते. सकाळी आधी पुढचा बंपर काढला. त्यावरची उच्च सुरक्षा नंबर प्लेट तशीच ठेवली, कारण तिची कुलुपे एकदा उघडली की पुन्हा वापरता येत नाहीत. मग हेडलाइट आणि बाजूचा इंडिकेटर, त्यानंतर बोनेटच्या कडेची बोल्टांची रांग, खाली रनिंग बोर्डाजवळचे बोल्ट आणि शेवटी दरवाजा उघडल्यावर बिजागरीच्या वर दिसणारा, नवख्या हाताला कधीच न सापडणारा बोल्ट. एक बोल्ट फिरवताना करकरला, तेव्हा मुलाने जोर लावला. मिस्त्रींनी लगेच त्याचा हात धरला, बोल्ट उलटा घट्ट करायला लावला, पुन्हा तेल सोडले आणि चहा येईपर्यंत वाट पाहायला सांगितले. चहानंतर तो निघाला. तुटला असता तर ड्रिल करून नवे आटे पाडावे लागले असते. काढलेला प्रत्येक बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यावर फेंडरचे चित्र काढून, त्याच जागी टोचून ठेवला होता.

रनिंग बोर्ड ही वेगळी कथा आहे आणि या गॅरेजची खरी किंमत मला तिथे कळली. मारुती ८०० ला ट्रकासारखी स्वतंत्र चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा आहे आणि दोन चाकांच्या मधला सगळा भार उचलण्यात रनिंग बोर्डाचा मोठा वाटा असतो. दरवाजे उतरवून, गाडी एकाच जॅकवर उभी ठेवून हा पत्रा कापला तर सांगाडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर झुकतो, नवा पत्रा त्याच वाकलेल्या अवस्थेत वेल्ड होतो आणि मग दरवाजे आयुष्यभर घासत राहतात. मिस्त्रींनी गाडी सपाट काँक्रीटवर चार स्टँडवर ठेवली आणि पाण्याच्या पातळीने चारही कोपरे तपासले. दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी अँगल वेल्ड करून ती चौकट बांधून टाकली. सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ती मापे छपराच्या खांबावर खडूने लिहिली. एका वेळी एकच बाजू कापायची, हा त्यांचा नियम होता. डावी पूर्ण थंड होऊन मापे पुन्हा जुळल्याशिवाय उजव्या बाजूला हात लावला नाही.

कापण्याच्या आधीची तयारीही तितकीच निगुतीने झाली. बॅटरीची तार सोडली, आसने आणि गालिचे बाहेर काढले, खालून जाणारी पेट्रोलची नळी सोडवून दूर बांधली, बादलीभर पाणी, ओले पोते आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले. गाडीखालच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना आतल्या फोमने पेट घेतल्याच्या घटना गॅरेजांच्या वस्तीत नव्या नाहीत. मग कारखान्यातले ठिपक्यांचे वेल्ड एकेक करून ड्रिलने उघडले आणि बाहेरचा पत्रा सोलून काढला. आतून निघालेला गाळ त्यांनी घमेल्यात भरून मला दाखवला. अंबाझरीचा तो करडा गाळ दीड वर्षाने वाडीत बघताना पुराची ती पहाट पुन्हा समोर उभी राहिली. आतल्या पत्र्याला एका ठिकाणी आरपार भोक होते. तिथे त्यांनी दुखरा भाग चौकोनी कापून तेवढ्याच मापाचा नवा तुकडा कडेला कड लावून बसवला. एकावर एक पत्रा ठेवून वेल्ड केला तर मधल्या फटीत पुन्हा पाणी धरते, म्हणून.

नवा पत्रा बसवताना त्याच्या कडेला सहा मिलिमीटरची छिद्रे पाडली, जोडल्या जाणाऱ्या दोन्ही बाजूंना जस्ताचा प्रायमर मारला, चिमटे लावून पत्रा धरला आणि त्या अवस्थेत दरवाजा टांगून बंद करून पाहिला. दरवाजा आणि रनिंग बोर्ड यांच्यामधली फट पुढे चार मिलिमीटर आणि मागे सहा दिसली. पत्रा सोडला, पुन्हा धरला, पुन्हा दरवाजा टांगला. हे चार वेळा झाले. मी पाचव्यांदा नको म्हणालो असतो. ते म्हणाले नाहीत. फट सगळीकडे सारखी झाल्यावरच सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगने छिद्रे भरायला घेतली, तीही एकामागून एक नव्हे तर एक पुढे, एक मागे, एक मधे, अशी, म्हणजे उष्णता एका जागी साचून पत्रा वळू नये. साधारण पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला सलग वेल्डिंगची उष्णता सोसत नाही. या एका बाजूला त्यांचे तीन दिवस गेले.

दरवाजाचे काम त्या मानाने झटपट झाले. जुना काढण्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलने रेषा मारल्या, नवा त्याच रेषांवर बसवला, आधी वर-खाली आणि मग आत-बाहेर जुळवला आणि कुलपाची खुंटी सगळ्यात शेवटी हलवली. बरेच कारागीर उलट करतात, खुंटी हलवून दरवाजा ओढून बंद होईल असा करतात, आणि मग तो उघडताना खाली उतरतो. आता हा दरवाजा दोन बोटांनी बंद होतो.

रंगासाठी त्यांनी मार्चचा दुसरा पंधरवडा निवडला. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने रंगावर दुधट झाक येते आणि मेमध्ये पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रंग पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धा वाळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो. मार्चमध्येही रंगारी सकाळी सहाला यायचा, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवायचा आणि नऊच्या आत रंग फवारायची गन खाली ठेवायचा. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती आणि खरोखर कागदाएवढी लांबी, मग पृष्ठभाग एकसारखा करणारा सरफेसर आणि पाण्याच्या पेपरने घासाई, असा क्रम होता. प्रत्येक थराच्या आधी मला फोन करून, पाहायचे असेल तर या, असे सांगितले गेले. मी चार वेळा गेलो. ज्या गॅरेजमध्ये तुम्हाला थर झाकण्याआधी बोलावतात तिथे झाकण्यासारखे काही नसते, हे मी या कामातून शिकलो.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. गाडी पाच आठवड्यांत देतो म्हणाले होते, दिली साडेआठ आठवड्यांत. मधल्या एका आठवड्यात काम पूर्ण थांबले होते आणि ते मला मीच गेल्यावर कळले. माझ्या घरी दुसरी गाडी नाही आणि आईला दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे आधी सांगितले असते तर मी सोय केली असती. दुसरी तक्रार बदललेल्या दरवाजाची. दरवाजाच्या आत, कव्हराच्या मागे, प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. काचेवरून दरवाजात उतरणारे पाणी तो खाली छिद्रांकडे वळवतो. हा कागद परत लावायचा राहून गेला आणि पहिल्याच धुण्यात पायाखालचा गालिचा ओला झाला. ज्या गाडीचा सगळा आजार ओलीमुळे होता तिच्यात हे व्हावे याचे मला वाईट वाटले. मिस्त्रींना फोन केला तर त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः घरी येऊन कव्हर उघडले, जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या चिकट रबरी पट्टीने चिकटवले आणि बाटलीभर पाणी काचेवर ओतून दाखवले. पैसे घेतले नाहीत.

तिसरी गोष्ट रंगाच्या छटेची. पंचवीस वर्षे उन्हात राहिलेला पांढरा रंग कारखान्याचा पांढरा राहत नाही, त्याला किंचित पिवळी झाक येते. रंगाऱ्याने बोनेटचा एक कोपरा पॉलिश करून त्याच्याशी जुळवत तीन नमुने केले आणि रंग दरवाजाच्या पुढच्या भागात विरवत नेला, म्हणजे कडेवर रेषा दिसू नये. डावी बाजू इतकी जुळली आहे की सांगूनही ओळखता येत नाही. उजवा फेंडर दुपारच्या तिरप्या उन्हात थोडा निळसर दिसतो. त्यांनी पुन्हा मारून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणालो, पण रंगाबाबत चोखंदळ असलेल्यांनी याची नोंद घ्यावी.

चौथी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते आणि ती माझ्या गाडीबद्दल नाही. हार्डनर मिसळायच्या या रंगांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात, त्यांच्या फवाऱ्याने दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि रंगारी तोंडावर फक्त सुती रुमाल बांधून गन चालवत होता. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. मी मिस्त्रींशी यावर दोनदा बोललो. हिशेब चुकता करताना कार्बनच्या डब्या असलेला मास्क स्वतः नेऊन दिला. पुढे गेलो तेव्हा रंगाऱ्याने तो लावलेला होता, शिकाऊ मुलाने मात्र अजून रुमालच बांधला होता. इतके जाणते काम करणाऱ्या माणसांनी आपल्या फुप्फुसांची एवढी हेळसांड करू नये, असे मनापासून वाटते. तिथे काम देणाऱ्या प्रत्येकाने हा विषय काढावा.

खर्च असा आला : दोन फेंडर, रनिंग बोर्डाचे दोन पत्रे, दरवाजा, रबरी बीडिंग आणि क्लिपा मिळून ११,६०० रुपये, पत्राकामाची मजुरी १५,००० रुपये, प्रायमर, रंग आणि रंगाऱ्याची मजुरी मिळून २१,००० रुपये. एकूण ४७,६०० रुपये. वहीच्या कागदावर सुरुवातीला लिहिलेला आकडा ४५,००० होता. वाढलेले पैसे आतल्या पत्र्याच्या ठिगळाचे आणि काचेच्या बीडिंगचे, आणि ते काम करण्याआधी विचारून केले. बिल हाताने लिहिलेले मिळते, पक्क्या बिलाची गरज असणाऱ्याने आधी बोलून घ्यावे. बाजारात ही गाडी विकायला काढली तर यापेक्षा फारसे जास्त कोणी देणार नाही. तरीही ज्यांना गाडी ठेवायची आहे, आणि तिच्याखालचा सांगाडा वाचवायचा आहे, त्यांनी इथे जावे. ज्यांना आठवड्यात चकचकीत गाडी हवी आहे किंवा विकण्यापूर्वी ती सजवायची आहे, त्यांना इथला वेळ आणि खर्च दोन्ही झेपणार नाहीत, आणि मिस्त्री तसे काम घेतही नाहीत.

गाडी घरी आणण्याआधी त्यांनी नव्या रनिंग बोर्डांच्या पोकळीत लांब नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारले होते आणि तळाची छिद्रे कुठे आहेत ते मला खाली झोपवून, बोट धरून दाखवले होते. "पावसाळ्यात महिन्यातून एकदा तार घालून बघत जा," म्हणाले, "बाकी मले फोन नाही आला पाहिजे." जुलैमध्ये सलग दोन दिवस मुसळधार पाऊस झाला, आमच्या गल्लीत पुन्हा घोटाभर पाणी साचले आणि गाडी रस्त्यावरच होती. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर सायकलच्या चाकाची जुनी आरी घेऊन मी गाडीखाली गेलो. डाव्या बाजूच्या दुसऱ्या छिद्रातून थेंबथेंब पाणी गळत होते, स्वच्छ पाणी, त्यात तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता. आरी आत घातली, ती अडली नाही. आतला गालिचा उचलून हात फिरवला, तो कोरडा होता.